घेतलेलं ॲप घरातल्या दुसऱ्या फोनवर पुन्हा पैसे मागतं तेव्हा

रविवारी सकाळी साडेसातला आमच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी पसरली जाते. सासूबाईंकडे गाणं शिकायला सात-आठ मुलं येतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या एका गल्लीत आमचं जुनं घर आहे आणि या घरात तीन पिढ्या गाणं चालू आहे. कोपऱ्यात मिरजेचे दोन तानपुरे उभे असतात. पण मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे गेला की तारा सारख्या उतरतात, आणि गुडघ्यांमुळे आईंना आता मांडी घालून तानपुरा जुळवत बसणं जमत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही तानपुऱ्याचं ॲप विकत घेतलं. टॅब स्टुलावर, शेजारी छोटा स्पीकर, काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर लागला की वर्ग सुरू.

गेल्या जुलैत एका रविवारी सूर लागलाच नाही. जुन्या टॅबची बॅटरी फुगली म्हणून आदल्या दिवशी नवा आणला होता. त्यावर तेच ॲप शोधलं, तर जिथे 'इन्स्टॉल' दिसायला हवं तिथे रुपयांचा आकडा. आईंनी स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली, "अगं, हे परत पैसे मागतंय. आपण भरले होते ना?" मुलं मांडीवर वह्या घेऊन गप्प बसलेली.

भरले होते. एकदा नव्हे, दोनदा. संध्याकाळी हिशेब मांडला तेव्हा कळलं की तेच ॲप या घरानं दोन वेळा विकत घेतलंय आणि तरी पाचपैकी दोनच ठिकाणी चालतंय. तेव्हापासून मी हा विषय लावून धरला. गल्लीत, नात्यात, आईंच्या विद्यार्थ्यांच्या घरी मिळून बऱ्याच जणांचे फोन मी याच कारणासाठी हातात घेतले आहेत. नवा फोन आला, जुना रिसेट केला, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, की ही तक्रार पुन्हा उभी राहते. पण कारणं मोजकीच असतात. मी ज्या क्रमानं तपासते त्याच क्रमानं लिहिते आहे.

आधी उजव्या कोपऱ्यातलं गोल बघा

खरेदी फोनवर नोंदवलेली नसते, खात्यावर नोंदवलेली असते. आपण म्हणतो "घरानं पैसे भरले", पण प्ले स्टोअरच्या वहीत एका विशिष्ट जीमेल खात्याच्या नावापुढे ती नोंद पडलेली असते. त्याच खात्यानं तुम्ही दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फोनवर आलात तरी ॲप फुकट उतरतं. वेगळ्या खात्यानं आलात तर तुम्ही नवे गिऱ्हाईक.

प्ले स्टोअर उघडलं की वर उजवीकडे एक छोटं गोल असतं. त्यात फोटो असतो किंवा नावाचं पहिलं अक्षर. बहुतेक जण त्याकडे कधी बघतच नाहीत. आईंच्या नव्या टॅबवर त्या गोलात माझ्या नावाचं अक्षर होतं, कारण तो टॅब मी चालू करून दिला होता आणि घाईत माझंच खातं टाकलं होतं. ॲप मात्र माझ्या खात्यावर कधीच घेतलेलं नव्हतं.

गोलावर दाबा, फोनवर जेवढी खाती आहेत तेवढी दिसतील. एकेका खात्यावर जाऊन ॲपचं पान उघडून पाहा. ज्या खात्यावर किंमत जाऊन 'इन्स्टॉल' येतं, ते खरेदीचं खातं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांची अडचण इथेच सुटते. एका फोनवर दोन-तीन खाती असणं आता सर्रास झालंय. एक स्वतःचं, एक ऑफिसचं, एक मुलांच्या शाळेसाठी उघडलेलं. खरेदीच्या क्षणी जे खातं वर असतं, त्याच्या नावावर ॲप जातं.

कुठल्याच खात्यावर सापडलं नाही, तर पावती शोधा. गूगल प्लेवर काहीही विकत घेतलं की त्या खात्याच्या मेलवर पावती येते आणि तिच्यावरचा ऑर्डर क्रमांक 'जीपीए' या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. घरातल्या प्रत्येकाच्या जीमेलमध्ये ही तीन अक्षरं टाकून शोधा. मेल पुसून टाकला असेल तर प्ले स्टोअरच्या त्याच गोलाखाली 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये 'बजेट अँड हिस्ट्री' असतं, तिथे खरेदीची जुनी यादी मिळते. जुना फोन अजून सुरू होत असेल तर त्याच्या सेटिंगमधली खात्यांची यादीही बघून घ्या. आम्हाला उत्तर तिथेच मिळालं.

फुगलेल्या बॅटरीचा तो टॅब चार्जिंगला लावायचा धीर होत नव्हता (लावूही नये), पण उरलेल्या चार्जवर तो सुरू झाला. खात्यांमध्ये एक अनोळखी नाव होतं. आईंचं नाव, पुढे आठ आकडे. मग आठवलं. टॅब घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानं "मी सगळं करून देतो काकू" म्हणत नवं खातं उघडून दिलं होतं आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला होता. चिठ्ठी कधीच गेली. खातं परत मिळवायच्या पानावर आईंचा नंबर टाकून पाहिला, पण खात्याला तो जोडलेलाच नव्हता. म्हणजे पहिल्या खरेदीचे पैसे आमच्या हाताबाहेर गेले. दुसरी खरेदी ह्यांनी त्यांच्या खात्यावर केली होती, आधीची आहे हे माहीत नसताना. चुकून दुबार घेतलं गेलं तर गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परताव्यासाठी अर्ज करता येतो. आम्हाला कळेपर्यंत वर्ष उलटलं होतं.

तेव्हा एक कळकळीची विनंती. नवा फोन किंवा टॅब घेताना दुकानातल्या कुणालाही खातं उघडू देऊ नका. ज्येष्ठ माणसांचं खातं घरी बसून, त्यांच्याच नंबरवर, त्यांच्या डोळ्यांसमोर उघडा आणि पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवायला सांगा.

सगळ्यांच्या फोनमध्ये एकच जीमेल टाकू नका

खरेदीचं खातं सापडलं की पहिली कल्पना सुचते ती ही, की तेच खातं सगळ्यांच्या फोनवर टाकून द्यावं. ॲप उतरतं, प्रश्न मिटला असं वाटतं. आम्हीही तेच केलं होतं. ह्यांचं जीमेल आईंच्या टॅबवर, मुलीच्या फोनवर, आणि आत्यांच्या फोनवरही. आत्या, म्हणजे ह्यांच्या आत्या, शेजारच्याच गोठीत, म्हणजे मोहल्ल्यात राहतात आणि पहाटे रियाजाला बसतात.

दिवाळीच्या आधी आत्यांनी फोनमधले "नको असलेले" नंबर साफ केले. दुपारी ह्यांचा ऑफिसातून फोन आला, की माझ्या फोनमधले शंभरेक नंबर गायब आहेत. एका खात्यावरची नंबरांची यादी एकच असते, कुठल्याही फोनवरून पुसली की सगळीकडून पुसली जाते. सुदैवानं गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये पुसलेले नंबर ३० दिवस कचराकुंडीत राहतात, त्यामुळे ते परत आणता आले. पण आत्या आठवडाभर अस्वस्थ होत्या. "मी काय करून बसले गं," असं त्या दहा वेळा म्हणाल्या असतील. त्यांची यात काहीच चूक नव्हती. ती व्यवस्थाच आम्ही चुकीची केली होती.

नंबर तर परत येतात. पण ज्या जीमेलवर बँकेचे मेल येतात, पासवर्ड बदलायच्या लिंक येतात, घरचे फोटो साठतात, ते जीमेल पाच फोनवर उघडं ठेवायचं आणि त्यातला एखादा फोन टेम्पोत राहून गेला तर? एका ॲपच्या किमतीसाठी एवढा धोका पत्करू नये असं माझं ठाम मत आहे.

त्यावरचा सरळ मार्ग गूगलनं २०१६पासूनच दिलेला आहे. त्याचं नाव फॅमिली लायब्ररी. प्रत्येकाचं खातं वेगळं राहतं, मेल, फोटो, नंबर ज्याचे त्याच्याकडे, फक्त विकत घेतलेलं ॲप सगळ्यांना मिळतं. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर ॲपची मांडणी आपापली राहते. आईंची काळी चार, ह्यांची काळी एक, कुणी कुणाचा सूर हलवत नाही.

गट कसा करायचा

घरातलं एक माणूस व्यवस्थापक होतं. त्याचं वय १८ च्या वर हवं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'फॅमिली' असा भाग असतो. फोन मराठीत किंवा हिंदीत असेल तर 'कुटुंब' किंवा 'परिवार' असं दिसेल. तिथून गट सुरू करायचा आणि बाकीच्यांना मेलवर आमंत्रण पाठवायचं. व्यवस्थापक धरून जास्तीत जास्त सहा जण. ज्याला आमंत्रण गेलंय त्यानं आपल्या फोनवर, आपल्याच खात्यावर ते स्वीकारायचं. इथेही पुन्हा ते गोल बघा, कारण मेल एका खात्यावर आलेला असतो आणि प्ले स्टोअर दुसऱ्याच खात्यावर उघडं असतं.

काही अटी आहेत, त्या आधीच माहीत असल्या की नंतर डोकेदुखी होत नाही. गटातल्या सगळ्यांचा देश एकच हवा. एका माणसाला एका वेळी एकाच गटात राहता येतं. आणि ऑफिसचं किंवा कॉलेजचं खातं, म्हणजे संस्थेनं दिलेलं गूगलचं खातं, गटात घेता येत नाही. ह्यांचे एक मित्र कॉलेजात शिकवतात. त्यांनी कॉलेजच्या खात्यावर आमंत्रण स्वीकारायचा प्रयत्न चार दिवस केला. स्वतःचं जीमेल दिलं आणि पाच मिनिटांत झालं.

व्यवस्थापक कुणी व्हावं? घरात ज्याला मोबाइल सगळ्यात जास्त कळतो त्याला पुढे करायची आपली सवय असते, आणि तो बहुधा कॉलेजात जाणारा मुलगा असतो. माझं मत उलट आहे. जे खातं पुढची दहा वर्षं याच घरात राहणार आहे ते खातं व्यवस्थापकाचं असावं, आणि घरासाठीच्या खरेद्या त्याच खात्यावरून व्हाव्यात. कारण जो गट सोडून जातो, त्यानं घेतलेली ॲपही त्याच्याबरोबर जातात. बाकीच्यांच्या फोनवर ती पुन्हा किंमत दाखवू लागतात. व्यवस्थापकानं गट मोडला तर सगळ्यांचंच थांबतं.

गट झाला, तरी पैसे मागतंय

हा फोन मला सगळ्यात जास्त वेळा येतो. "वहिनी, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, तरी आकडाच दिसतोय."

पहिलं कारण: ॲप लायब्ररीत ठेवलेलंच नसतं. गट केला म्हणजे सगळं आपोआप वाटलं जाईल असं आपण धरून चालतो. ज्यानं ॲप घेतलंय त्यानं आपल्या फोनवर त्या ॲपचं प्ले स्टोअरमधलं पान उघडायचं. तिथे 'फॅमिली लायब्ररी' असं लिहिलेलं एक बटण असतं, ते चालू करायचं. पुढच्या खरेद्या आपोआप जाव्यात की एकेक करून ठेवायच्या, हे सेटिंगमध्ये निवडता येतं. आम्ही आपोआप ठेवलंय. आमच्याकडे हे बटण ह्यांच्या फोनवर बंद होतं. ते चालू केलं, आईंच्या टॅबवर प्ले स्टोअर बंद करून पुन्हा उघडलं, आणि आकड्याच्या जागी 'इन्स्टॉल' आलं. आई चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघत होत्या. लगेच सूर लावून त्यांनी षड्जावर जो ठेहराव घेतला, तो ऐकत मी कणीक मळायची सोडून दारात उभी राहिले.

बटण चालू केल्यावर लगेच फरक दिसला नाही तर घाई करून पुन्हा विकत घेऊ नका. थोडा वेळ जाऊ द्या, फोन बंद करून सुरू करा, सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीतून प्ले स्टोअरचा कॅशे साफ करा. पहिल्यांदा ॲप उघडताना नेट चालू असू द्या, कारण काही ॲप उघडताक्षणी खरेदीची खातरजमा करतात आणि नेट नसलं तर "परवाना नाही" म्हणून बंद होतात.

ते बटणच दिसत नसेल, तर ॲप वाटण्याजोगं नाही. जुन्या खरेद्यांना एक तारखेची मर्यादा आहे. २ जुलै २०१६ नंतर घेतलेली पैशाची ॲप लायब्ररीत जातात, त्याआधीची फक्त बनवणाऱ्यानं मुभा दिली असेल तरच. पण एवढी जुनी खरेदी आता क्वचितच कुणाकडे असते. बटण नसण्याचं खरं कारण बहुतेक वेळा पुढचं असतं, आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

आतली खरेदी आणि बाहेरची खरेदी

आईंची एक विद्यार्थिनी आहे, अकरावीतली. तिच्या बाबांनी तिच्यासाठी तबल्याच्या ठेक्यांचं ॲप घेतलं. धाकटा भाऊ तबला शिकतो, त्यालाही ते हवं होतं. गट केला, सगळं केलं, भावाच्या फोनवर ॲप उतरलंही, पण उघडलं की तीनतालाशिवाय सगळ्या तालांवर कुलूप. बाबा म्हणाले, "पैसे तर भरलेत, मग एकाच पोराला का?"

कारण पैसे ॲपचे भरलेच नव्हते. ते ॲप उतरवून घ्यायला फुकट होतं. आत गेल्यावर "सगळे ताल उघडा" असं बटण होतं आणि पैसे त्याचे होते. अँड्रॉइडवर अशी आतली खरेदी फॅमिली लायब्ररीतून वाटता येत नाही. ॲप फुकटच असल्यामुळे ते लायब्ररीत ठेवायचाही प्रश्न येत नाही, म्हणून बटण दिसत नाही. यावर कुठलीही युक्ती नाही. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि मला वाईटही वाटलं, कारण दोन मुलांच्या फिया भरून त्यांनी ती रक्कम बाजूला काढली होती.

विकत घेण्याआधी हे ओळखता येतं. प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर मोठ्या बटणावरच किंमत असेल, तर ती बाहेरची खरेदी. ती घरात वाटता येते. बटणावर 'इन्स्टॉल' असेल आणि ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत 'इन-ॲप पर्चेसेस' लिहिलेलं असेल, तर पैसे आत मागितले जाणार आणि ते एकाच खात्यापुरते राहणार. तेच काम करणारी दोन ॲप असतील आणि घरात तीन-चार जणांना लागणार असेल, तर बटणावर किंमत असलेलं घ्या, ते थोडं महाग असलं तरी. चौघांत वाटलं की ते स्वस्त पडतं.

आतली खरेदी केलेल्या माणसानं स्वतःचाच फोन बदलला, तर मात्र पुन्हा पैसे भरायची गरज नसते. त्याच खात्यानं ॲप उतरवायचं आणि ॲपच्या आत 'रिस्टोअर' नावाचं बटण शोधायचं. ज्या खात्यावरून ॲप उतरवलं, सहसा त्याच खात्यावर आतली खरेदीही गेलेली असते. फोनवर दोन खाती असतील आणि रिस्टोअर होत नसेल, तर ॲप काढून टाका, गोलातून खातं बदला आणि त्या खात्यावरून पुन्हा उतरवा.

दर महिन्याच्या वर्गणीचं गणित वेगळं असतं. उदाहरणार्थ प्ले पास, म्हणजे वर्गणी भरून बरीच ॲप वापरायला देणारी गूगलची योजना. २०२२ मध्ये तो भारतात आला. व्यवस्थापकानं घेतला की गटातल्या इतर पाच जणांना त्यातली ॲप जादा पैसे न देता वापरता येतात. पण ज्यांना एकच तानपुरा आणि एक पंचांग हवंय, त्यांनी त्या वाटेला जायची गरज नाही.

पुण्याची ताई आणि तिचा आयफोन

माझी नणंद पुण्याला असते. तिचा आयफोन, आमचे सगळे अँड्रॉइड. तिला वाटत होतं की आम्ही गटात घेतलं की तिच्या फोनवरही ॲप येईल. तसं होत नाही. प्ले स्टोअरची खरेदी ॲपलच्या फोनवर जात नाही आणि ॲपलची इकडे येत नाही. ॲपचं नाव तेच, बनवणारा तोच, तरी दोन दुकानांतल्या दोन वेगळ्या वस्तू. आधी अँड्रॉइड असलेल्या घरात कुणी आयफोन घेतला, की ही अडचण हमखास येते, आणि त्यावर पुन्हा विकत घेण्याशिवाय मार्ग नाही.

ॲपलच्या घरांसाठी फॅमिली शेअरिंग आहे, २०१४ पासून. तिथेही सहाच जण, तिथेही सगळ्यांचा देश एकच हवा. खरेदी वाटायची तर फॅमिली शेअरिंगमध्ये 'पर्चेस शेअरिंग' वेगळं चालू करावं लागतं आणि गट करणाऱ्याची पैसे भरण्याची पद्धत जोडलेली असावी लागते. दुसऱ्याचं ॲप घ्यायचं तर ॲप स्टोअरमध्ये वरचा फोटो दाबून खरेदीच्या यादीत घरातल्या त्या माणसाचं नाव शोधायचं आणि तिथून उतरवायचं. कुणी एखादी खरेदी यादीतून लपवली असेल, तर ती बाकीच्यांना दिसत नाही. ती पुन्हा उघड करावी लागते.

आयफोनवर एक गोष्ट मात्र जास्त उदार आहे. बनवणाऱ्यानं परवानगी दिली असेल तर आतली खरेदी आणि वर्गणीही घरात वाटता येते. ॲप स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर खाली 'फॅमिली शेअरिंग' असं लिहिलेलं आहे का ते बघायचं. नसेल तर आधीच समजून घ्यायचं.

आयफोनवरची सगळ्यात चकवणारी अडचण अशी: आयक्लाउडला, म्हणजे फोटो-नंबर साठवणाऱ्या ॲपलच्या सेवेला, एक खातं आणि 'मीडिया अँड पर्चेसेस'ला दुसरंच. सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली हे वेगळं दिसतं. ताईच्या फोनवर नेमकं तेच होतं. फोन जावईबापूंनी, म्हणजे तिच्या यजमानांनी सुरू करून दिला होता, त्यामुळे आयक्लाउड तिचं आणि खरेदीचं खातं त्यांचं. तिनं घेतलेलं ॲप त्यांच्या नावावर गेलं आणि भाचीच्या आयपॅडवर दिसेना. खरेदीचं खातं तिचं केलं, गट नीट बांधला, मग तिघांना मिळालं. हे सगळं मी फोनवरून, रात्री साडेनऊला, तिचा स्क्रीन तिनं मला वाचून दाखवत केलं. अर्धा तास लागला, पण जमलं.

लग्न, परदेश आणि बारा महिने

आपल्याकडे माणसं एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि गटाच्या नियमांना ते ठाऊक नसतं. आत्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, ती इंदूरला गेली. सासरच्यांनी तिला त्यांच्या गटात बोलावलं. तिनं माहेरचा गट सोडला, आणि आत्यांच्या फोनवरचं तिनं घेतलेलं पंचांगाचं ॲप दुसऱ्या दिवशी पैसे मागू लागलं. सासरच्या गटात काही जमेना म्हणून तिनं परत यायचं ठरवलं, तर परत येता येईना. गूगलवर आणि ॲपलवरही गट बदलण्याची मुभा वर्षातून एकदाच मिळते. तेव्हा लेकी-सुनांनो, गट सोडण्याआधी दोन्हीकडे बोलून घ्या. तुमच्या खात्यावर घेतलेलं काय काय माहेरी वापरलं जातंय, हे आधी बघा आणि आई-बाबांना जे रोज लागतं ते त्यांच्याच खात्यावर घेऊन द्या.

परदेशी गेलेल्या मुलांचा प्रश्न अधिक कठीण आहे. तिकडे स्थायिक झालेला माणूस प्ले स्टोअरचा देश बदलतो आणि मग तो इथल्या गटात बसत नाही. गटासाठी देश इकडे-तिकडे करत बसू नका. प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि तिथली बँकेची, प्रवासाची ॲप अडकून बसतात. आमच्या पुतण्यानं तानपुऱ्याचं ॲप तिकडे वेगळं घेतलं, तेच बरं.

पैशांची खबरदारी

गट करताना प्ले स्टोअर 'फॅमिली पेमेंट मेथड' जोडायला सांगतं. म्हणजे गटातल्या कुणीही खरेदी केली तर व्यवस्थापकाच्या कार्डातून पैसे जाऊ शकतात. घाबरायचं कारण नाही, पण गट झाल्यावर लगेच, त्याच बैठकीत, प्रत्येक सदस्याच्या नावावर जाऊन मंजुरीची अट लावा. मग मुलीनं काही घ्यायचं म्हटलं की आधी व्यवस्थापकाच्या फोनवर विचारणा येते. आयफोनवर लहान मुलांसाठी 'आस्क टू बाय' आहे, ते याच कामाचं. आमची मुलगी नववीत आहे. तिला मी आधी समजावून सांगितलं आणि मग अट लावली. तिला ते पटलं, कारण तिच्या वर्गातल्या एका मुलीनं गेममध्ये नकळत बरेच पैसे घालवले होते.

आता आमच्याकडे फडताळात, आईंच्या बंदिशींच्या वह्यांशेजारी, एक पातळ वही ठेवलेली आहे. कुठलं ॲप, कुठल्या खात्यावर, कधी घेतलं, बाहेरची खरेदी की आतली, ऑर्डर क्रमांक. एका पानात सगळं मावलंय. गेल्या महिन्यात ह्यांनी फोन बदलला तेव्हा ती वही समोर ठेवली आणि चहा गार व्हायच्या आत तानपुरा, पंचांग आणि मुलीचा शब्दकोश तिन्ही उतरले. आत्यांनीही तशीच वही केली आहे. पहिल्या ओळीत त्यांनी तानपुरा लिहिला, दुसरीत पंचांग, आणि पंचांगापुढे कंसात "आता माझ्याच खात्यावर".